ऑप्शनला टाकू नये असा धडा

बारावीच्या रसायनशास्त्रात जैवरेणूंचा एक धडा असतो. जीवशास्त्र सोडून गणित घेतलेले पुष्कळ जण तो खुशाल ऑप्शनला टाकतात. उरलेले वीस अमिनो आम्लांची नावे पाढ्यांसारखी घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसून सांगतो की, हा धडा टाकू नका; मात्र त्याची सुरुवात नावांच्या यादीपासून करू नका.

मग कोठून करावी? आपल्या पालघर जिल्ह्यापासूनच करा. येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. विदर्भात आणि नंदुरबारकडेही तो आहे. डहाणूच्या गाडीने वसई-विरारच्या कॉलेजात येणाऱ्या तुमच्या एखाद्या सोबत्याच्या घरीही तो असू शकेल.

हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे असते : दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे या आजारात व्हॅलिन येते. डीएनएमध्ये पाहाल तर GAG या तीन अक्षरांचे GTG झालेले असते. फरक एवढाच!

पण पार्श्वशृंखला काढून पाहा. ग्लुटामिक आम्लाची शृंखला ऋणभारित असते, म्हणून तिला पाण्याचा सहवास मानवतो. व्हॅलिनची शृंखला तेलासारखी, पाण्यापासून अंग चोरणारी. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन बसते. रेणूला रेणू चिकटून लांब तंतू बनतात, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला असह्य वेदना होतात.

येथे आमचे पदार्थविज्ञानही डोकावते. विद्युतभार बदलला, तर विद्युतक्षेत्रातील वेगही बदलणार. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसने नेमके हेच दाखवले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, ते पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले.

अपेक्षित प्रश्नसंचात ‘पेप्टाइड बंध म्हणजे काय?’ हा प्रश्न असतो. ‘एक आम्ल बदलले तर काय होईल?’ हा सहसा नसतो. माझ्या मते दुसरा प्रश्न विचारला, तर पहिल्याचे उत्तर घोकावे लागत नाही.

आणि हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. वाहकाच्या रक्तात नेहमीचे आणि सिकलचे, असे हिमोग्लोबिनचे दोन पट्टे दिसतात. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासणीवाचून ते कळत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गणित लग्नाआधी, तपासणीचा कागद हाती धरून, घरच्यांना समजावून सांगणारे कोणी तरी घरात हवे. ते तुम्हीच का नसावे?

आता वही घ्या. त्याच सहाव्या जागी लायसिन आले तर? असे हिमोग्लोबिन खरोखरच आहे. त्याला हिमोग्लोबिन-सी म्हणतात. धन ध्रुवाकडे जाताना त्याचा पट्टा सिकलच्या पुढे राहील की मागे, हे लायसिनची पार्श्वशृंखला काढून ठरवा.