बॉस, राइट क्लिक कुठंय?

जळगाव-धुळ्याकडच्या आमच्यासारख्या कितीतरी जणांचं कॉम्प्युटरशी सूत जमलं ते एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. टेबलावर मॉनिटर, हातात माऊस. डावं बटण म्हणजे 'हे कर', उजवं म्हणजे 'काय काय करता येईल ते दाखव'. या भांडवलावर पुण्यात नोकरी लागते आणि पहिल्याच दिवशी हातात येतो लॅपटॉप. माऊस नाही, बटणं नाहीत, नुसती गुळगुळीत पाटी! आता राइट क्लिक कुठंय, हे विचारायचं कुणाला?

प्रश्न किरकोळ नाही, भो. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केलीय, अख्खी टीम बघतेय आणि आपला बाण सैरभैर पळतोय. एक्सेल आपल्यालाच जास्त येतं, पण दिसतं काय? 'नवखा आहे बिचारा.' डोकं चालत असतं, अडतात फक्त बोटं.

फंडा सिंपल आहे. पॅडवर एक बोट टेकवलं की लेफ्ट क्लिक, दोन बोटं एकदम टेकवली की राइट क्लिक. मॅकवर दोन बोटांनी दाबा, नाहीतर कंट्रोल धरून क्लिक करा. दोन बोटं वर-खाली फिरवा, पान सरकतं. विंडोजमध्ये तीन बोटं वर सरकवा, उघडलेल्या सगळ्या विंडो समोर हजर. खाली सरकवा, थेट डेस्कटॉप. पॅड रुसलंच तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, तोच मेन्यू उघडतो.

मेन्यू उघडलाच आहे, तर जरा वाचाही. टास्कबारवरच्या एक्सेलच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं, की नुकत्याच वापरलेल्या फायली तिथंच सापडतात. वर्डमध्ये शब्दाखाली लाल रेघ आली? त्यावर राइट क्लिक करा, स्पेलिंग सुचवलं जातं.

आणि कमीपणा अजिबात वाटून घेऊ नका. १९८४ च्या मॅकला ॲपलनं एकाच बटणाचा माऊस दिला होता. राइट क्लिक ओळखणारा स्वतःचा माऊस त्यांनी आणला थेट २००५ मध्ये. एकवीस वर्षं! आपल्याला एक शनिवार बास.

मी तर बॅगेत माऊस ठेवणंच सोडलंय. जळगाव-धुळे एसटीत मांडीवर लॅपटॉप घेतल्यावर माऊसला जागा कुठून आणायची? एरंडोलला सराव सुरू करा, पारोळा येईपर्यंत हात बसतो.