देश तसा घास

आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी सपत्नीक बँकॉकची सहल करून आले आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर झाले. चेहरा उतरलेला, तीन दिवस जुलाब. म्हणाले, "डॉक्टर, तिथल्या रस्त्यावरच्या एका घासाला शिवलो नाही. सहलवाल्यांनी दिलेलं आपलंच जेवण जेवलो, पुलाव आणि पनीरची भाजी. मग पोट का बिघडलं?"

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून आज थोडे त्याविषयी.

चौकशी केली तेव्हा कळले, की तो पुलाव दुपारी शिजवून डब्यांतून आणला जाई आणि पंगत बसे रात्री नऊला. गुरुजींना नेमके काय बाधले हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझा संशय त्या पुलावावरच आहे. अन्न देशी की परदेशी, हे जंतूंना कळत नाही. त्यांना कळते ती ऊब. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते झपाट्याने वाढतात. कोमट राहिलेल्या भातात वाढणारे काही जंतू तर उलट्या करवणारे असे विष तयार करतात, की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही.

आता याच बँकॉकमधल्या याओवारात रस्त्यावर, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत, संध्याकाळी काय दिसते पाहा. गाडीवर मोठ्या आचेची शेगडी, त्यावर तापलेली कढई. गिऱ्हाईक समोर आले की तांदळाच्या शेवया, अंडे, टोफू, चिंचेचा कोळ असे सारे त्यात पडते. चार-पाच मिनिटांत वाफाळलेली 'पाद थाई' ताटलीत येते, वर शेंगदाण्याचा कूट. अशा अन्नात जंतूंना वाढायला वेळच मिळत नाही. माझे स्पष्ट मत असे, की डोळ्यांदेखत शिजलेला रस्त्यावरचा हा घास हॉटेलच्या दालनात तासन् तास मांडून ठेवलेल्या पदार्थांपेक्षा पुष्कळदा अधिक सुरक्षित असतो. शिवाय तो त्या मातीतला असतो. हजारो रुपये खर्चून परक्या देशात जायचे आणि तिथेही पनीरच खायचे, यात प्रवास कसला?

मात्र आंधळेपणाने खावे असेही नाही. गाडी निवडताना स्थानिक माणसांची रांग पाहावी. मुलाबाळांना घेऊन तिथले लोक जेवत असतील तर माल ताजा आणि खप मोठा असे समजावे. ऐन जेवणाच्या वेळी जावे. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा हात वेगळा असेल तर उत्तम. कापून ठेवलेली फळे आणि कच्च्या कोशिंबिरी टाळाव्यात. फळ आपण स्वतः सोलून खावे. पाणी सीलबंद बाटलीचे प्यावे आणि बर्फाची खात्री नसेल तर पेय बर्फाशिवाय मागावे.

अस्सल म्हणून सगळेच पोटात ढकलू नये. थायलंडच्या ईशान्य भागात गोड्या पाण्यातली कच्ची मासळी खाण्याची जुनी रीत आहे. त्या मासळीतून यकृतातील पित्तनलिकांत एक चपटा कृमी शिरतो आणि वर्षानुवर्षे राहिला तर पित्तनलिकेचा कर्करोगही होऊ शकतो. तिथले डॉक्टरही लोकांना ती मासळी शिजवून खा असेच सांगतात. तेव्हा परंपरेचा मान ठेवावा, पण आच सोडू नये.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. या अन्नात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो. आपल्या जैन बांधवांना हे ऐकून नवल वाटेल. एरवी भाजीतसुद्धा माशाचे पाणी, म्हणजे 'नाम प्ला', बेलाशक घालतात. शेंगदाण्याचे वावडे असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घास घेऊच नये.

एवढे करूनही पोट बिघडू शकते. म्हणून निघतानाच ओआरएसची पाकिटे सामानात टाकावीत आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट प्यावे. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मुळीच नाही. अशा वेळी, किंवा लघवी कमी होऊन गळून गेल्यासारखे वाटले तर, सहलीचा कार्यक्रम बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळींनी वाट पाहूच नये. गुरुजींनी "सहल चुकेल" म्हणून तीन दिवस दुखणे अंगावर काढले, हीच त्यांची खरी चूक. सत्तरीच्या माणसाला जंतूंपेक्षाही शरीरातले पाणी आटणे अधिक महागात पडते.

गुरुजी आता ठणठणीत आहेत. परवा म्हणाले, "पुढच्या खेपेला त्या कढईसमोरच उभा राहतो." जरूर राहा गुरुजी. फक्त कढई तापलेली आहे ना, एवढे पाहा, आणि हात धुवायला विसरू नका.