ओसरीवरून : टर्बो कीं हायब्रिड?

चातुर्मासांतील पथ्यापथ्याविषयीं उरलेलें या महिन्यांत लिहूं, असें आम्हीं मागील अंकीं म्हटलें होतें. तें वचन तूर्त बाजूस ठेवावें लागत आहे. कारण, आमच्या थोरल्या घरीं आषाढापासून एक वाद चालला होता, व तो मिटेपर्यंत कार्तिक उजाडला. वाद होता नव्या मोटारगाडीचा. ज्याचें सारें आयुष्य रूपावली आणि समासचक्र पढविण्यांत गेलें, त्या मास्तरानें मोटारीच्या इंजिनावर लिहावें याचें कित्येक वाचकांस हसूं येईल. खुशाल हसावें. परंतु ज्या घरांत दोन पिढ्या कमावत्या आहेत अशा प्रत्येक घरांत आज ना उद्यां हा प्रश्न उभा राहणार आहे, आणि तो केवळ जाहिराती वाचून सोडवूं गेल्यास काय होतें, तें आम्हीं फार जवळून पाहिलें आहे.

आमचे दादा व वहिनी मावळांत नवलाख उंबरे येथें राहतात. तळेगांवची औद्योगिक वसाहत तेथवर येऊन भिडली आहे, व आमचीही कांहीं जमीन तींत गेली. उरलेल्या खाचरांत पूर्वीं आंबेमोहर होई. आतां वडगांव मावळच्या भातसंशोधन केंद्रानें काढलेला इंद्रायणी तांदूळ होतो. घर गांवांत नाहीं. पाऊण कोस आंत, शेतांत आहे. वाटेंत एक ओढा लागतो. फाल्गुनांत त्यांत मुलें गोट्या खेळतात; आषाढांत मात्र त्याच्या पलीकडचा चढ असा कांहीं रेंदा होतो कीं, बैलही क्षणभर थबकतात. ज्यांनीं मावळांतील पाऊस केवळ लोणावळ्यास खिडकींतून चिक्की खात पाहिला आहे, त्यांस हें सांगून कळावयाचें नाहीं.

२०२५ च्या आषाढांतील एका रात्रीं वहिनींस दम्याचा जबर झटका आला. पुतण्या चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळीस गेला होता. सूनबाईंनीं वहिनींना आपल्या लहानशा गाडींत बसविलें, दादा मागें बसले, आणि गाडी निघाली. ओढा कसाबसा ओलांडला, पण चढावर पुढचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. जितकी गति द्यावी तितकीं तीं अधिक रुतत. दादा पावसांत पायीं वस्तीवर गेले, शेजाऱ्यास उठविलें, त्यानें ट्रॅक्टर जोडून गाडी ओढून काढली. तळेगांवच्या दवाखान्यांत प्राणवायु लागेपर्यंत दोन तास गेले. वहिनी वांचल्या. डॉक्टर इतकेंच म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगतां आलें नसतें."

दुसऱ्याच आठवड्यांत दादांनीं जमिनीच्या पैशांतील शिल्लक काढून समोर ठेवली व म्हणाले, "गाडी घ्या." कोणती, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि तेथूनच दोन पक्ष पडले. पुतण्याचा पक्ष टर्बोचा, सूनबाईंचा हायब्रिडचा. दोघेंही शिकलेलीं, त्यामुळें वाद शास्त्रोक्त चालला. आम्हांस लवाद नेमण्यांत आलें. आम्हीं आधीं दोन्ही शब्दांचे अर्थ समजून घेतले, ते वाचकांसही सांगतों.

इंजिनांत इंधन जळतें तें हवेच्या जोरावर. जितकी हवा अधिक कोंबतां येईल तितकें इंधन अधिक जाळतां येतें, आणि तितका जोर अधिक मिळतो. आतां जळून गेलेला ऊन वायु एरवीं धुराड्यांतून फुकट जातो. त्याच्या वाटेंत एक लहान चक्र बसवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र बसवून त्यानें बाहेरची हवा दाबून आंत ढकलावी, ही टर्बोची युक्ति. हीं चक्रें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नामक स्विस अभियंत्याची. १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. लहान इंजिनाकडून मोठ्याचें काम करून घेण्याची ही रीत आहे. तिचा दोष असा कीं, धुराचा लोट वाढल्यावांचून चक्र जोरानें फिरत नाहीं, म्हणजे अगदीं मंद गतींत टर्बो जवळजवळ निजलेलाच असतो. शिवाय त्यास तेल वेळेवर व चांगलें लागतें, आणि लांबचा चढ चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद न करितां मिनिटभर तसेंच चालू द्यावें लागतें. घोडा दौडत आणल्यावर लगेच ठाणबंद करीत नसत, तशांतलाच प्रकार.

हायब्रिडची तऱ्हा निराळी. तींत तेलाचें इंजिन आणि विजेची मोटर अशीं दोन्ही असतात. ब्रेक लावतांना जी शक्ति उष्णता होऊन वायां जाते, तिचा कांहीं भाग बॅटरींत सांठवून पुढें चालण्यास वापरावयाचा. जपानांत १९९७ च्या डिसेंबरांत टोयोटाच्या प्रियस गाडीनें ही युक्ति घरोघरीं नेली. आपल्याकडे २०२२ पासून मारुति ग्रँड व्हिटारा व टोयोटा हायरायडर या जुळ्या बहिणींत ती मध्यम ऐपतीच्या कुटुंबास मिळूं लागली. येथें एक सावधगिरीची सूचना. हायब्रिड या एकाच नांवाखालीं दोन जाति विकल्या जातात. एकींत विजेची मोटर एकटीनें गाडी चालवूं शकते. दुसरींत ती केवळ इंजिनास हातभार लावते. त्या जुळ्या बहिणींचीच गोष्ट घ्या : खऱ्या हायब्रिडची शक्ति फक्त पुढच्या दोन चाकांस जाते, चारी चाकें चालविणारी हवी असेल तर ती त्या दुसऱ्या, नांवापुरत्या जातींत मिळते. विक्रेता हें आपण होऊन सांगेलच असें नाहीं.

सूनबाईंचा मुख्य आधार हिशेबाचा होता. त्या पुण्यास शिकवावयास जातात. वर्षास सुमारें बारा हजार किलोमीटर धांव होते. ओळखीच्या दोन-चार गाडीवाल्यांच्या वह्या आम्हीं पाहिल्या, व लिटरमागें हायब्रिडचे वीस, टर्बो-पेट्रोलचे दहा, टर्बो-डिझेलचे साडेबारा किलोमीटर धरले. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये धरून वर्षाचा खर्च येणेंप्रमाणें निघाला : हायब्रिड ६२,४०० रुपये, डिझेल ८६,४०० रुपये, टर्बो-पेट्रोल १,२४,८०० रुपये. तळेगांव-चाकण रस्त्यावरील कोंडींत तर हायब्रिडचें इंजिन बराच वेळ बंदच राहतें. सरकारी कराचा मात्र आतां कोणासच फायदा नाहीं. पूर्वीं हायब्रिडवर कर थोडा कमी पडे, परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या दोन्ही जातींवर सारखाच चाळीस टक्के कर आहे.

आंकडे पाहून आम्ही मनांतून सूनबाईंच्या बाजूचे झालों. मास्तराचा पिंडच काटकसरीचा. बॅटरीची भीति पुतण्यानें घातली, तर तीवर आठ वर्षांची हमी असल्याचें सूनबाईंनीं कागद दाखवून सिद्ध केलें. "पण पुढें कंपनीच राहिली नाहीं तर?" असें पुतण्यानें विचारलें. हा प्रश्न आमच्या भागांत अगदींच हवेंतला नाहीं. तळेगांवच्या वसाहतींतच २००८ सालीं जनरल मोटर्सचा मोठा कारखाना निघाला. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीनें भारतांतील विक्री थांबविली, २०२० च्या डिसेंबरांत येथील उत्पादनही थांबलें, आणि २०२४ च्या आरंभीं तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यांत गेला. तरी सुटे भाग कोठें अडले नाहींत, असें सूनबाई म्हणाल्या. वाद अशा रीतीनें भाद्रपदापर्यंत लांबला.

मीमांसकांनीं विकल्पाला आठ दोष लाविले आहेत. यज्ञ तांदुळानें करा किंवा जवानें करा, असें सांगितलें कीं एक घेतांना दुसऱ्याच्या वचनाचा अव्हेर होतो. म्हणून जेथवर दुसरी गति आहे तेथवर विकल्प मानूंच नये, असा त्यांचा दंडक. येथेंही विकल्प खरा नाहीं, हें आम्हांस उशीरा कळलें. एक तर परदेशीं दोहोंचा समुच्चय केव्हांच झाला आहे. टोयोटाच्या लँड क्रूझरला अमेरिकेंत २०२४ च्या आवृत्तींत टर्बो इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही जोडून ३२६ अश्वशक्ति दिली आहे, आणि चारी चाकेंही चालतात. ती आमच्या ऐपतीबाहेरची गोष्ट, म्हणून सोडून देऊं. परंतु दुसरें कारण अधिक महत्त्वाचें होतें, आणि तें आम्हांस कोणा पंडितानें सांगितलें नाहीं. तळेगांवचा एक वृद्ध मेकॅनिक, ज्याचे हात आम्हीं कधीं स्वच्छ पाहिले नाहींत, तो आमचें सारें भाषण ऐकून घेऊन म्हणाला, "मास्तर, गाडी चिखलातनं इंजनानं न्हाई निघत. चाकानं निघती. आधी वड्यावर नेऊन बघा."

तसें पाहिलें. भाद्रपदांत, चढ अजून ओला असतां, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हायब्रिड आणि एका शेतकऱ्याची चारी चाकें चालणारी डिझेल थार अशा दोन गाड्या मागून आणल्या. हायब्रिड सपाट चिखलांतून इतक्या हळुवारपणें गेली कीं आमची छाती फुगली. विजेच्या मोटरीचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्याचा हा गुण. पण चढ लागतांच गाडीचा भार मागच्या चाकांकडे सरला, पुढचीं चाकें हलकीं झालीं, आणि जोर तर त्यांनाच जात होता. तीं फिरूं लागलीं. त्या रात्रींचाच देखावा, फक्त उजेडांत. मागून थार आली. चालकानें लहान दांडा ओढून तिला लो रेंजमध्यें घातली. या दांत्यांत चाकांची गति कमी होऊन ओढ दुप्पट-अडीचपट होते. गाडी माणसाच्या चालीनें, जराही न गुरगुरतां, वर निघून गेली. आम्हीं मेकॅनिकला विचारलें, "हें टर्बोनें केलें काय?" तो हसला. "इतक्या हळू चालीत टर्बो जागाच कुठं हुतो?"

चार महिने आम्ही ज्यावर भांडलों, तो प्रश्नच ओढ्यावर गैरलागू ठरला होता. मारुतीची जिम्नी २०२३ पासून मिळते. तींत टर्बोही नाहीं आणि हायब्रिडही नाहीं, साधें दीड लिटरचें पेट्रोल इंजिन. पण चारी चाकें आणि लो रेंज आहे, व वजन सुमारें बाराशे किलो म्हणून ती रुततेही कमी. पुतण्या क्षणांत तिचा भक्त झाला. परंतु तींत चौघांचीच सोय. आजारी माणूस, सोबतीस दोघें, चालक व प्राणवायूचें नळकांडें एवढें कसें बसवावें?

परत येतांना सूनबाई आमच्याशेजारीं होत्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "काका, चारी चाकांचीच घ्या. त्या रात्रीं चक्र माझ्या हातांत होतें." आम्हीं हिशेबाची गोष्ट काढली, तर म्हणाल्या, "पुण्याला मी लोकलनें जाईन. तळेगांवपर्यंत जुनी गाडी आहे." लोकल किती वाजतां, परत येण्यास किती उशीर, मुलांचा अभ्यास कोण घेणार, हें त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं. आम्हीं विचारलेंही नाहीं. विचारावयास हवें होतें.

शेवटीं पांच दारांची थार रॉक्स ठरली. ही १५ ऑगस्ट २०२४ रोजीं बाजारांत आली. तिच्यांत चारी चाकें हवीं तर डिझेल इंजिनच घ्यावें लागतें, आणि आजचें डिझेल म्हणजे टर्बो आलाच. तेव्हां पुतण्या जिंकला असें तो अजून म्हणतो. दोन फुटांहून किंचित् अधिक, म्हणजे ६५० मिलिमीटर पाण्यांतून ती जाऊं शकते, असें कंपनी सांगते. ओढ्याला त्याहून अधिक पाणी असेल त्या दिवशीं कोणीही तींत गाडी घालावयाची नाहीं, असें दादांनीं सर्वांसमक्ष बजावलें आहे. आणखी एक पथ्य आहे. २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी रोज केवळ वाण्यापर्यंत नेली तर ती तुंबते. तिला मधून मधून लांबच्या रस्त्यावर चांगली तापूं द्यावी लागते. म्हणून दर रविवारीं महामार्गावर फेरी मारण्याचें काम पुतण्याकडे आलें आहे, व तो तें तक्रार न करितां करितो.

गाडी दारांत आली, हळदकुंकू झालें, आणि मग ध्यानांत आलें कीं जिच्यासाठीं हा सारा खटाटोप, तिला कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. वहिनींनीं पाय उचलून पाहिला, पायरीपर्यंत पोंचेना. गुडघा धरून त्या म्हणाल्या, "भावोजी, इतकीं पुस्तकें वाचलींत, उंची कोणी मोजली नाहीं का?" चारही पंडित खालीं पाहूं लागले.

त्याच संध्याकाळीं गांवच्या सुताराकडून सागवानी पाट करवून आणला. वीतभर उंच, खालीं घसरूं नये म्हणून ट्यूबचें रबर ठोकलेला. सूनबाईंनीं तो पायाशीं ठेवला, वहिनी त्यावर चढल्या, आंत बसल्या, आणि ओढ्यापर्यंत जाऊन येऊं या म्हणाल्या. पाट आतां गाडींतच असतो.