कासव ओळखत नाही, म्हणून काय झालं?

सातवीला मी ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला. नेहमीप्रमाणे निम्म्या वह्यांत मांजर, मग बकरी (ती बहुधा ईदपर्यंतचीच). एका मुलाने मात्र लिहिलं होतं, ‘माझं कासव मला ओळखत नाही. तरी मला ते आवडतं.’ स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं आणि वाद पेटला. एक सर म्हणाले, थंड रक्ताचा जीव, त्याला कसली माया? बादलीत ठेवा नाहीतर बरणीत. एका मॅडमनी लगेच मोबाइल काढला. कुणाच्या तरी गळ्यात अजगर. ‘बघा, कसा बिलगलाय!’

मला दोघांचंही पटत नाही, आणि मॅडमचं जास्त खटकतं.

अजगराला ऊब बाहेरून मिळवावी लागते. माणसाचा गळा म्हणजे त्याच्या लेखी तापलेला दगड. रोज हाताळलं तर तो सरावतो, बिचकणं कमी होतं, एवढं खरं. त्याला प्रेम म्हणणं ही आपली हौस, आणि त्या हौसेपायी त्या जिवाला खांद्यावर मिरवणं हा निव्वळ स्वार्थ.

कुत्र्या-मांजरांचं वेगळं आहे. कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर राहिलाय. 2015 मध्ये जपानी संशोधकांना दिसलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आईला बाळाशी जोडणारं तेच हे द्रव्य. मांजराचं तर आमच्या घरांत विचारूच नका. हजरत अबू हुरैरा यांचं टोपणनावच मांजराच्या पिल्लावरून पडलेलं. कासवाच्या बाबतीत असं काही घडलेलं नाही. त्याची आई वाळूत अंडी घालून निघून जाते. ज्याने आईचीही वाट पाहिली नाही, त्याने आपली का पाहावी?

मग सरांचं बरोबर? मुळीच नाही! माया नसली म्हणून भूक नसते का? भीती नसते का? मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाला, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. त्या मांजराचं तिच्यावर प्रेम होतं का, याची चौकशी त्यात कुठेच नाही.

उलट, कासवाची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण ते तक्रार करत नाही. मांजर उपाशी राहिलं तर घर डोक्यावर घेतं. बाजारात नाण्याएवढं मिळणारं, कानाशी लाल पट्टा असलेलं कासव मूळचं अमेरिकेचं. ते वाढून ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगू शकतं. त्याला पोहायला पाणी हवं, अंग शेकायला कोरडा दगड हवा, ऊन हवं. ऊन मिळालं नाही तर कवच मऊ पडतं.

हे मला आज माहीत आहे. लेकीसाठी आणलं तेव्हा नव्हतं. दुकानदाराने प्लास्टिकचं भांडं दिलं, त्यात प्लास्टिकचंच खजुराचं झाड. आम्ही ते फ्रिजवर ठेवलं. तिसऱ्या महिन्यात ते हलेना. दोन दिवस आम्ही ‘झोपलंय’ म्हणून दाणे टाकत राहिलो. लेक विचारायची, ‘अम्मी, ये हमसे नाराज है क्या?’

आमच्या मोहल्ल्यात काहीजण चांदणीवालं कासव बरकतीसाठी पाळतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. गुन्ह्यातून कसली बरकत येणार?

त्या मुलाला मी दहापैकी नऊ गुण दिले. एक शुद्धलेखनाचा गेला. मग विचारलं, कासव ठेवतोस कुठे? ‘टबात, पलंगाखाली.’ जुम्म्याला संध्याकाळी त्याच्या अब्बांना भेटले. ते म्हणाले, वास येतो, तळ्यात सोडून देतो. मी म्हटलं, तसं अजिबात करू नका, ते वाढलं की तळ्यातल्या आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. टब आता गॅलरीत आलाय, सकाळचं ऊन लागतं. दगड मी आमच्या गच्चीवरून नेऊन दिला.