किराचे डोके, किराचा टीव्ही

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. नाव, चेहरा, दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे एवढे घेतल्यावर सरकारला माणूस पटला. त्याआधी चार वर्षे जपानी टीव्हीवर आलेल्या एका मालिकेतल्या सतरा वर्षांच्या मुलाला एवढेही लागत नव्हते. समोरच्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा आणि वहीत त्याचे खरे नाव लिहायचे. चाळीस सेकंदांत त्याचे हृदय बंद.

ती मालिका म्हणजे ‘डेथ नोट’. त्सुगुमी ओबा यांचे लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रे असलेली ही १०८ प्रकरणांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००३ ते २००६ या काळात ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात गाजली. ऑक्टोबर २००६ पासून मॅडहाउस स्टुडिओने तिचे ३७ भागांचे ॲनिमे केले, दिग्दर्शक तेत्सुरो आराकी. आज खान्देशातल्या कॉलेजच्या पोरापोरींनाही ही माहिती द्यावी लागत नाही. मोबाइल आणि डेटा पॅक एवढ्यावर टोकियो आणि तळोदा एका पातळीवर येतात. ॲनिमे कुठून बघायला सुरुवात करू, असे कुणी विचारले की पहिले नाव बहुधा हेच निघते, आणि त्यामागोमाग ठरलेली ग्वाही: यातला डोक्याचा खेळ जगात दुसरीकडे नाही. मालिका येऊन जवळपास वीस वर्षे झाली, तेव्हा शेवट फोडल्याचा राग कुणी धरू नये. या ग्वाहीची तपासणी शेवट सांगितल्याशिवाय होणार नाही.

कथा थोडक्यात अशी. लाइट यागामी हा देशभरच्या सराव परीक्षांत पहिला येणारा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. र्‍यूक नावाच्या कंटाळलेल्या मृत्युदेवाने टाकलेली वही त्याला सापडते. तो गुन्हेगारांना मारत सुटतो, लोक त्याला किरा म्हणू लागतात, आणि जगातला सर्वांत हुशार गुप्तहेर म्हणून नावाजलेला, खरे नाव व चेहरा लपवून वावरणारा एल त्याच्या मागे लागतो. एकाला मारायला नाव हवे, दुसऱ्याला पकडायला पुरावा हवा. दोघेही हुशार आणि दोघेही हट्टी.

दुसऱ्या भागातला टीव्हीचा प्रसंग चाहते सर्वांत जास्त सांगतात आणि तो आहेही झकास. पडद्यावर एक माणूस स्वतःला एल म्हणवून किराला दुष्ट ठरवतो. लाइट चिडतो, नाव लिहितो, माणूस कोसळतो. मग खऱ्या एलचा आवाज येतो: मेला तो फाशीची शिक्षा झालेला एक कैदी होता, त्याची अटक कुठेही जाहीर झाली नव्हती, आणि जगभर दाखवतोय म्हणून सांगितलेले हे प्रक्षेपण प्रत्यक्षात फक्त टोकियोभोवतालच्या कांतो भागात चालू होते. म्हणजे किरा कांतोत आहे. आता मला मार, असे एल डिवचतो आणि लाइटला ते जमत नाही. म्हणजे किराला मारता न येणारी माणसेही आहेत. पाच मिनिटांत दोन निष्कर्ष, आणि दोन्ही प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर काढलेले.

पण या प्रसंगात हुशार कोण ठरले? २००६ साली जगाची लोकसंख्या सुमारे ६६० कोटी होती. एवढ्यांतून एक माणूस हो-नाहीच्या प्रश्नांनी शोधायचा आणि प्रत्येक प्रश्नाने गर्दी निम्मी करायची, तर ३३ प्रश्न पुरतात; क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीच्या गणितातला हा अगदी बाळबोध हिशेब आहे. कांतोत राहतात चार कोटींच्या आसपास लोक. म्हणजे रागाच्या एका झटक्यात लाइटने ३३ पैकी सात प्रश्नांची उत्तरे फुकट देऊन टाकली. पुढे बळी बहुधा शाळा सुटल्यानंतरच्या वेळात मरतात, हे एलच्या लक्षात येते. किरा विद्यार्थी असावा, ही शंका पोलिसांच्या बैठकीत निघते. घरच्या संगणकावरून वडिलांच्या फायली चोरून वाचणाऱ्या लाइटला ते कळते आणि तो काय करतो? दर तासाला एक असे खून पाडून आपली वेळ लपवतो. वेळ लपली, पण पोलिसांच्या बैठकीतली गोष्ट किरापर्यंत पोहोचते हे उघड झाले. चार कोटींची गर्दी एका फटक्यात तपासाशी संबंधित मोजक्या घरांवर आली. एफबीआयचे बारा एजंट त्या घरांच्या मागे लागले, तर त्याने बाराही मारून टाकले, म्हणजे आपण त्याच घरांपैकी एकात आहोत यावर सही केली. एलला फारसे शोधावे लागलेच नाही, लाइट पत्ता पाठवत होता.

मुळात वहीने मृत्यू कोणत्याही कारणाने घडवता येतो. अपघात, आजार, आत्महत्या, काहीही. निरनिराळी कारणे लिहिली असती तर कुणी मारतो आहे हेच जगाला कळले नसते. लाइट सगळ्यांना हृदयविकाराने मारतो, कारण त्याला ते कळायलाच हवे आहे. शिक्षा देणारा कुणीतरी आहे ही दहशत बसल्याशिवाय त्याच्या नव्या जगाचे देवपण अडून बसते. लपून राहायचे आणि देवही व्हायचे, या दोन इच्छा एका माणसात नांदत नाहीत. ओबा यांनी हे नेमके ओळखले आहे. लाइटच्या चुका लेखकाच्या चुका नाहीत, त्या लाइटच्या गर्वाच्या आहेत. तेव्हा पहिल्या दहा-बारा भागांची हुशारी खरी आहे. चाहते फक्त तिचे श्रेय चुकीच्या माणसाला देतात: पात्र नापास होते, लेखक पास होतो.

यापुढे मात्र वाखाणणी जरा आवरती घ्यावी लागेल. एलचे टक्केच घ्या. लाइट किरा असण्याची शक्यता पाच टक्के, असे तो सांगतो आणि प्रेक्षक भारावतात. हे पाच आले कुठून? कुठूनच नाही. एल संशयिताच्या घरात कॅमेरे लावतो, पन्नासहून अधिक दिवस लाइटला डांबून ठेवतो, आणि त्याचा अंदाज बरोबर निघतो तो कथेला तसे हवे असते म्हणून. चिप्सचा प्रसिद्ध प्रसंगही तसाच. कॅमेऱ्यांच्या नजरेखाली लाइट एका हाताने गणिते सोडवतो, दुसरा हात चिप्सच्या पुड्यात घालून तिथे दडवलेल्या छोट्या टीव्हीवरची नावे टिपतो आणि मग आविर्भावात एक चिप्स तोंडात टाकतो. पार्श्वसंगीत असे काही गरजते की चिप्स खाणे हीच रणनीती वाटावी. ही कमाल आराकी यांची. युक्तीपेक्षा तिचा गाजावाजा मोठा, आणि गाजावाजा इतका सुरेख की तक्रार करवत नाही.

नाओमी मिसोरा हिचे काय झाले, याबद्दल चाहते गप्प असतात. एफबीआयची ही माजी एजंट एकटीने विचार करून किराच्या खूप जवळ येते. किरा हृदयविकाराशिवायही मारू शकतो हे तिने ताडलेले असते. मग ती योगायोगाने थेट लाइटलाच पोलीस मुख्यालयात भेटते, आधी खोटे नाव सांगते आणि शेवटी त्याच्या बोलण्याला भुलून ओळखपत्र दाखवते. इतकी सावध बाई एका भागात संपते. कथानकाला ती जड झाली होती, एवढेच.

पंचविसाव्या भागात एल मरतो. त्याला मारते रेम नावाची मृत्युदेवता, लाइटवर भाळलेल्या मिसा या दुसऱ्या किरावरच्या मायेपोटी. एलला मारायचे किंवा मिसाला पकडू द्यायचे, अशा पेचात लाइटने रेमला आणून ठेवलेले असते. तो डाव उत्तम आहे. पुढच्या बारा भागांत मांगाची जवळपास निम्मी कथा कोंबली आहे, आणि तिथे निअर व मेलो हे एलचे वारस येतात. शेवटचा विजय कशावर? निअरचा एक सहकारी अख्खी वही, अक्षरासकट, एका रात्रीत हुबेहूब नकलून बदलून ठेवतो. तलाठ्याच्या कार्यालयात एका सातबाऱ्याची नक्कल मिळायला किती वेळ लागतो हे माहीत असलेल्या वाचकाला इथे हसू येईल.

वहीला बाकी नियमांची कमतरता नाही. नाव लिहिताना चेहरा डोळ्यांपुढे हवा, म्हणजे त्याच नावाचा दुसरा कुणी मरणार नाही. पाडवी, वळवी, वसावे, गावित या आडनावांच्या मुलखात ही सोय मोलाची. दुसरा नियम सांगतो की एखाद्याचे नाव चुकून चारदा चुकीचे लिहिले गेले तर त्या माणसावर वही चालत नाही. रेशन कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरेच असलेली सातपुड्यातली कितीतरी माणसे या नियमाने अमर व्हायला हरकत नाही.

गंमत बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतो. मालिकेत नाव कसे मिळवायचे यावर तासन्‌तास डोके लढवले जाते. त्या नावाच्या माणसाने गुन्हा केला आहे का, यावर किती? जवळजवळ शून्य. लाइट टीव्हीवरच्या बातम्या बघतो, वडिलांच्या फायली वाचतो, नावे लिहितो. कुणाला मारावे आणि कुणाला सोडावे याचे त्याचे काही निकष आहेत, पण ते गुन्ह्याच्या प्रकाराचे आहेत. बातमी खरी की खोटी, हा निकष त्यांत नाही. देशात पहिला आलेला मुलगा पेपरात आलेला प्रश्न बिनचूक सोडवतो. प्रश्नच चुकीचा छापला असेल ही शंका त्याला शिवत नाही.

नंदुरबार-धुळ्याच्या वाचकाला ही शंका पुस्तकात शोधावी लागत नाही. सातपुड्यात भगताने एखाद्या बाईचे नाव डाकीण म्हणून घेतले की तिच्यावर काय गुदरते, हे इथल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा ठरवण्याला गुन्हा म्हणावे लागले ते उगाच नाही. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेवढ्याला पुरल्या. तिथे वहीही नव्हती आणि नावेही कुणाला ठाऊक नव्हती, फक्त अनोळखी चेहरे होते.

यावर किराचा चाहता म्हणेल की अफवा वेगळी आणि पोलिसांची फाइल वेगळी. ठीक, फाइल घेऊ. जून २००३ मध्ये नाशिक परिसरात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. जून २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ‘डेथ नोट’ची मांगा त्याच्या आदल्याच महिन्यात संपली होती. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. तीन न्यायालये, आणि दोषी असण्याबद्दल तिघांचे एकमत. लाइटने याहून पक्की फाइल कुठे वाचली असती? त्या वर्षीच्या बातम्या बघून त्याने सहा नावे लिहिली असती, आणि आपल्याकडच्या अनेकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. जिवंत राहिलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांकडच्या फोटोंच्या अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा तपास झालाच नाही, हे न्यायालयाने नोंदवले. चेहरे पहिल्या आठवड्यातच दाखवले गेले होते. सोळा वर्षे तुरुंगात गेली ती दुसऱ्या चेहऱ्यांची.

मालिका लाइटला खलनायक ठरवते, तेव्हा तिला दोष का, असा युक्तिवाद होऊ शकतो. ती त्याला खलनायक ठरवते ते गर्वासाठी, निरपराध एजंट आणि पोलीस मारल्याबद्दल, मिसाला वापरल्याबद्दल. शेवटच्या भागात जगातले गुन्हे सत्तर टक्क्यांनी घटले आणि युद्धे थांबली, असा दावा तो करतो आणि निअरसारखा हुशार मुलगासुद्धा तो आकडा खोडत नाही. निअर एवढेच म्हणतो की तू खुनी आहेस. आधीच्या मृतांमध्ये किती निर्दोष होते, हे एकही गुप्तहेर विचारत नाही. कायदा हातात घेणारा नायक मराठी वाचकाला नवा नाही; बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर पिढ्या वाढल्या. पण त्या कथांमध्ये दुष्ट कोण हे लेखक आधी दाखवून द्यायचा आणि मगच नायक हात उगारायचा. वाचकाची फसवणूक नव्हती, जगातल्या सर्वांत हुशार माणसांचा खेळ असल्याचा दावाही नव्हता. तो दावा केला की मोजमाप बदलते.

या सगळ्यात मात्सुदा नावाचा एक पोलीस आहे. तपास पथकात सर्वांनी मठ्ठ ठरवलेला, चहा आणायला पाठवण्याच्या लायकीचा. शेवटी लाइटवर गोळ्या तोच झाडतो. मांगाच्या अखेरच्या प्रकरणात, सगळे संपल्यावर, त्याला एक गोष्ट खटकते. निअरचा डाव इतका तंतोतंत जमला कसा? लाइटचा साथीदार मिकामी ऐन वेळी आपली खरी वही उघडी पाडण्याची चूक करतो, ती त्याच्या मनाने केली, की निअरनेच वहीत त्याचे नाव लिहून करवली? त्याचा सहकारी ते हसण्यावारी नेतो. १०८ प्रकरणांत जिंकलेल्या बाजूचा पुरावा तपासून बघावा असे वाटलेला हा एकमेव माणूस. ॲनिमे करताना ते प्रकरण गाळले गेले.