दिल्लीची जामा मशीद
शहाजहानने १६५६ मध्ये पुरी केलेली दिल्लीची जामा मशीद नमाजासाठी आहे. पण ती पाहावयास देशोदेशींचे लोक येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकट्यादुकट्या मुलींस मज्जाव करणाऱ्या पाट्या तिच्या दारांवर लागल्या, आणि नायब राज्यपालांनी शब्द टाकताच निघाल्या. पटांगणात चित्रफिती काढणारांचा उपद्रव, हे कारण पुढे केले गेले. उपद्रव खरा असेल. पण त्यावर उपाय वर्तनाचा नियम हा होय, स्त्रीजातीस बंदी नव्हे. २००४ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी मशीद संरक्षित स्मारक ठरविणार नसल्याचे इमामांस कळविले; म्हणून व्यवस्थापकांची जबाबदारी अधिकच. नियम सर्वांस सारखे असावेत, शुल्काचा दर दारावर लिहावा, वार्षिक हिशेब छापावा. उघड्या वहीने पत वाढते, हे व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे? धर्मस्थानाचेही तसेच आहे.