अंधारातल्या मापाचा पुरावा



१५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाचा फोटो शेतकऱ्यानेच काढायचा. २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाईही पीक कापणी प्रयोगाच्या उताऱ्यावर ठरू लागली. फोटो ही आता हौस राहिली नाही, तो पुरावा झाला.

पण आमचे काम उजेड पाहून चालत नाही. परभणीच्या काळ्या रानात वेचलेला कापूस दिवस बुडताना तोलतात. ज्वारीचे मळणी यंत्र दिवेलागणीनंतरही धडधडते. त्या वेळचा फोटो हलतो, काळा पडतो, आणि साहेब म्हणतात, यात काहीच दिसत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. मोबाईल अधांतरी धरू नका, ट्रॉलीच्या फळीला टेकवा. मावळतीचा उजेड पाठीशी घ्या. मळणीच्या धुरळ्यात फ्लॅश नको. भुसकटाचे पांढरे ठिपकेच उमटतात. ट्रॅक्टरचा दिवा बाजूने पाडा. फोटोसाठी चालत्या पट्ट्याजवळ मात्र कोणी जाऊ नये. गेलेला हात परत येत नाही.

कापणी प्रयोगाला गावाने हजर राहावे. चौकोन आखताना, कापताना, तोलताना फोटो घ्यावा. अंधारले तर काट्यावर बॅटरी धरा. आकडा वाचता आला पाहिजे.

पुरावा आमच्याकडून मागता, तर उताऱ्याचा वाद झाल्यावर तो मानलाही पाहिजे. काट्यावर दिसले तेच कागदावर उतरले पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.